मुका खांब

रुजायबाय म्हणाली, आधी बोटं दाखव.
दाखवली.
बारा वर्षं काजू फोडून
टोकं काळी, साल निघालेली,
अंगठा उठत नाही म्हणून रेशनवाला वैतागतो.
तिने पांढरी लोकर टोपलीत परत ठेवली,
राखाडी सुती धागा काढला.
वेंगुर्ल्यात लोकर कोणाला हवी, म्हणाली,
घामोळं उठेल पोराला.
मी समजले. मी समजले हे तिलाही समजलं.

पहिली गाठ सरकफासाची.
होडी बांधतात तसली नव्हे,
ओढली की सुटणारी.
मग साखळ्या दहा.
माझ्या कधी नऊ भरायच्या, कधी अकरा.
आणि कारखान्यात तराजूच्या आधी
मी किलो सांगते!

शेवटच्या साखळीत एकाच भोकात तीन टाके,
की तळवा वळतो,
दीपगृहाच्या टेकडीला रस्ता वळतो तसा,
आणि दुसऱ्या अंगाने परत येतो.
उंच टाका तो खांब,
त्याच्या निम्मा अर्धा खांब,
सगळ्यात बुटका तो मुका खांब.
मला मुका लगेच जमला.

"इतक्या घट्ट कित्याक ओढतंस गो?
सुताक जरा वारो लागांदे."

निलांगीचे दोनाचे चार हात झाले गेल्या वैशाखात,
मंडपात आईच्या जागी मीच उभी.
आता बुटाच्या नाकाशी
दोनाचा एक, दोनाचा एक करत
मी चवडा आत घेत होते
तिच्या बाळासाठी.

पहिला बूट आठ दिवसांत.
टेबलावर ठेवला तर आपला आपण ताठ उभा,
हवालदारासारखा.
दुसरा तीन दिवसांत, ऐसपैस.
शेजारी ठेवले
तर एक माझा, एक भलत्याच कुणा बाईचा.
रुजायबाय हसली नाही.
"सगळ्यांचो दुसरो सैल येता.
तवसर हाताक भरवसो इलेलो असता."

मंगळवारी ओरोसहून फोन.
आठ आठवडे आधी.
मुलगी. एक किलो चारशे.

एक किलो चारशे म्हणजे
पहिल्या चहाआधीचा माझा गर.
ते वजन माझ्या हाताला पाठ आहे,
केवढ्याशा परातीत मावतं,
आणि त्यातली एकही बी दुभंगू नये म्हणून
श्वास कसा धरायचा असतो.

पाऊल अंगठ्याएवढं, नर्स म्हणाली.
कोणाच्या अंगठ्याएवढं, फोनवर कळत नाही.
मी माझा धरला.

रात्री दोन्ही बूट पुढ्यात घेतले
आणि शेवटची गाठ कापली.
उसवायला कोणी शिकवावं लागत नाही.
टाका सुटताना बारीक आवाज येतो,
ओहोटीला वाळूतून येतो तसा.
धागा मात्र सरळ झाला नाही,
जिथे जिथे टाका होता
तिथे तिथे वळण धरून बसला.
तसाच घेतला विणायला.

साखळ्या सहा.
मोजल्या नाहीत, सहाच होत्या.
वळणावर तीन.
मुके, मुके, मुके, सगळा तळवा मुका.
एकदा सुई बोटात गेली,
एकदा शेजारचा इनास बंदरावर निघाला
आणि दिवा बघून खाकरला.
नाकाशी आले तेव्हा आत
माझी करंगळीही मावेना,
सुईनेच टोक बाहेर ढकललं.

सकाळची एसटी. पिशवीत थर्मास, पेज,
आणि कागदाच्या पुडीत
भुईमुगाच्या दोन शेंगांएवढं काहीतरी.

नर्सने पुडी उघडून बघितली, हसली,
पेटीत आत्ता काही घालत नाहीत म्हणाली,
बाहेर कडीला लटकवते.
आत काचेखाली निलांगीचं.
तळवे राखाडी नव्हते, जांभूळ.
मी हात मागे धरून उभी.

हात धुवा, ती म्हणाली.
धुतले. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा.
काळं जात नाही, मी म्हटलं.
काळ्याचं नाही हो,
साबण लावलात का ते विचारतेय,
म्हणाली,
आणि काचेतलं गोल दार उघडलं.